शिट्टी कुणाची आणि जखम कुणाची? कादंबरीतली हिंसा पडद्यावर येते तेव्हा

गेल्या वर्षी आम्ही वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात ‘असुरन’ दाखवला. प्रोजेक्टर उसना, पडदा म्हणजे पांढरी चादर. सिनेमा तमिळ, खाली इंग्रजी अक्षरं, त्यामुळे कॉलेजला जाणारा एक मुलगा पुढे बसून मराठीत सांगत होता. साठ-सत्तर माणसं होती. त्यात तरुण मुलं जास्त. मागच्या बाजूला वस्तीतल्या काही बाया बसल्या होत्या, कारण कुणीतरी त्यांना “आपल्या लोकांचा पिच्चर आहे” असं सांगितलं होतं.

मध्यंतराच्या आधी मार खाणारा, वाकून चालणारा म्हातारा बाप मुलाला वाचवण्यासाठी शस्त्र उचलतो, तेव्हा सभागृह शिट्ट्यांनी भरून गेलं. आम्हीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगा. पुढे एका मुलीला चप्पल घातली म्हणून मारतात आणि तीच चप्पल डोक्यावर ठेवून चालायला लावतात, तो प्रसंग आला. मागून एक मावशी उठल्या आणि निघून गेल्या. अंधारात कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “बाळा, ते मला बघायला कशाला बोलावलं? मी ते घरी विसरायला बसले होते.” त्यांच्या गावात, त्यांच्या लहानपणी, त्यांच्या आईसोबत काय झालं होतं ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ते इथे लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही.

त्याच दिवशी आमच्या मोबाईलवर सात-आठ जणांचे स्टेटस दिसले. सगळ्यांवर तीच मध्यंतराची मारामारी. एकाच पडद्यावर एकाच रात्री दोन गोष्टी झाल्या होत्या. आम्ही समाजकार्य करणारे, समाजशास्त्र शिकलेले, चर्चासत्रांत ‘प्रतिनिधित्व’ या विषयावर बोलणारे. पण सिनेमा लावण्याआधी आम्ही एकदाही विचार केला नव्हता की हिंसा पाहणाऱ्याच्या मनात काय होतं. हा लेख त्या चुकीतून आलेला आहे.

दोन तयार उत्तरं

या विषयावर दोन उत्तरं कायम तयार असतात. पहिलं उत्तर प्रस्थापितांचं: पुस्तकं आणि सिनेमे पोरांना बिघडवतात, बंदी घाला. हे उत्तर देणाऱ्यांना पौराणिक मालिकांमधली डोकी उडवणारी हिंसा कधी दिसत नाही. ती ‘संस्कार’ असते. दलित नायकानं हात उचलला की मात्र ‘समाजात तेढ’ निर्माण होते. दुसरं उत्तर आपल्यातल्याच काही मित्रांचं: सिनेमा हा सिनेमा आहे, त्यानं कुणाच्या मनावर काही होत नाही, उगाच बाऊ करू नका. ज्या चळवळीनं भीमगीतांनी, जलशांनी, कादंबऱ्यांनी माणसं उभी केली, त्या चळवळीनं कलेचा मनावर परिणाम होत नाही असं म्हणणं हा विनोद आहे. परिणाम होतो. कुणावर, कसा, आणि कशामुळे, हा खरा प्रश्न आहे.

मानसशास्त्रात याचा अभ्यास जुना आहे. अल्बर्ट बांदुरा यांनी १९६१ साली अमेरिकेत लहान मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्याला बडवताना पाहिलेली मुलं नंतर त्या बाहुल्याला तशीच बडवत होती. १९६३ साली हेच पडद्यावर दाखवून पाहिलं, तरी मुलांनी अनुकरण केलं. आमच्या दृष्टीनं १९६५ चा प्रयोग जास्त महत्त्वाचा आहे. त्यात पडद्यावर बडवणाऱ्याला काही मुलांसमोर बक्षीस मिळालं, काहींसमोर शिक्षा झाली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी अनुकरण केलं. पण नंतर खाऊचं आमिष दाखवून “तो काय करत होता ते करून दाखव” म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांनाच करून दाखवता आलं. म्हणजे शिकलेलं सगळ्यांच्या मनात होतं. करायचं की नाही हे मात्र त्या कृत्याला पुढे काय फळ मिळतं यावर ठरत होतं.

आता हे गावात आणून बघा. आपल्या गावात हिंसेला फळ काय मिळतं? २५ डिसेंबर १९६८ ला तमिळनाडूतल्या किळवेनमणीत मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, एका झोपडीत जाळून मारली. उच्च न्यायालयात जमीनदार सुटले. (महाडला मनुस्मृती जाळली ती तारीखही २५ डिसेंबर, साल १९२७. आपण कागद जाळला, त्यांनी माणसं जाळली.) आपल्याकडे खर्ड्याच्या प्रकरणात २०१७ साली सत्र न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्यामुळे ‘सिनेमामुळे हिंसा वाढते’ म्हणणाऱ्यांना आमचं सांगणं आहे की बांदुराचा प्रयोग आधी कोर्टाला आणि पोलीस ठाण्याला लावा. गुन्हा करून सुटणारा माणूस हे गावातल्या पोरांना दिसणारं सर्वांत मोठं चित्र आहे, आणि त्याला तिकीट लागत नाही.

दुसरं नाव जॉर्ज गर्बनर यांचं. टीव्हीवर सतत हिंसा पाहणारा माणूस जगाला आहे त्यापेक्षा जास्त क्रूर समजू लागतो, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या मांडणीचा दुसरा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. त्यांच्या मते पडद्यावरची हिंसा ही सत्तेचं प्रात्यक्षिक असते. कोण कुणाला मारू शकतो, कोण मारूनही सुटतो, कुणी मार खायचा, हे ती शिकवते. म्हणजे ती काहींना मारायला शिकवते, त्याहून जास्त लोकांना भ्यायला शिकवते. गर्बनर यांना जात माहीत नसेल, पण त्यांचं हे वाक्य आपल्या वेशीबाहेरच्या माणसाला लगेच समजेल.

‘वेक्कै’ आणि ‘असुरन’

वेट्रिमारन यांचा ‘असुरन’ (२०१९) पूमणी यांच्या ‘वेक्कै’ (१९८२) या तमिळ कादंबरीवर आधारलेला आहे. ती आम्ही नंतर इंग्रजी अनुवादातून वाचली. आधी वाचायला हवी होती.

कादंबरी सुरू होते तेव्हा खून झालेला आहे. चिदंबरम नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरानं आपल्या थोरल्या भावाचा जीव घेणाऱ्या जमीनदारावर कोयता चालवला आहे. त्याला फक्त हात तोडायचा होता. वार भलतीकडे लागला आणि माणूस मेला. तिथून पुढे बाप आणि मुलगा रानात पळत राहतात. आठ दिवसांची गोष्ट. कादंबरीचा बहुतेक भाग या दोघांच्या पोटापाण्यात जातो. काय शिजवायचं, पाणी कुठे मिळेल, कुणाच्या रानातून जायचं, आईचं काय चाललं असेल. बाप मुलाला रागावत नाही आणि शाबासकीही देत नाही. शेवटी दोघं कोर्टात हजर व्हायला निघतात. जातीचं नाव पूमणी उच्चारत नाहीत. त्याची गरजही पडत नाही.

वाचताना रक्त फार दिसत नाही. दिसतं ते रक्त सांडल्यावर उरलेलं ओझं. पंधरा वर्षांचा पोरगा झोपेत दचकतो आणि बाप जागा राहतो. वाचणाऱ्याला पुस्तक मिटता येतं, दोन दिवस बाजूला ठेवता येतं, मागचं पान पुन्हा वाचता येतं. हिंसेचा वेग वाचकाच्या हातात असतो.

सिनेमात हा वेग दिग्दर्शकाच्या हातात जातो. कॅमेरा जिथे बघेल तिथेच बघावं लागतं, आणि वर पार्श्वसंगीत सांगतं की आता घाबरा, आता चेव येऊ द्या. वेट्रिमारन यांनी कादंबरीत नसलेलं बरंच काही आणलं: १८९२ पासून दलितांना दिल्या गेलेल्या आणि नंतर हडपल्या गेलेल्या पंचमी जमिनींचा प्रश्न, किळवेनमणीची आठवण करून देणारी जळती वस्ती, चपलेचा प्रसंग, आणि मुलाला सोडवण्यासाठी बापानं गावातल्या घराघरापुढे लोटांगण घालणं. यातली बरीचशी भर मोलाची आहे. कादंबरी जे न बोलता सांगते ते सिनेमानं नाव घेऊन सांगितलं. चपलेचा प्रसंग कुणाला अतिरंजित वाटत असेल तर त्यानं अत्याचार प्रतिबंधक कायदा उघडून बघावा. चपलांचा हार घालणं हा गुन्हा २०१५ च्या दुरुस्तीत स्पष्ट शब्दांत लिहावा लागला. घडत नसतं तर संसदेनं लिहिलं नसतं.

पण सिनेमानं आणखी एक गोष्ट केली. थकलेल्या बापाचा नायक केला. एकटा माणूस दहा जणांना लोळवतो. तिथे शिट्टी वाजते. सिनेमाचा शेवट वेगळा आहे, तिथे बाप मुलाला सांगतो की जमीन-पैसा ते हिसकावून घेतील पण शिक्षण हिसकावू शकणार नाहीत, शिकून सत्तेच्या जागी जा, आणि तिथे गेल्यावर त्यांच्यासारखं वागू नको. हा संदेश बाबासाहेबांच्या वाटेवरचाच आहे. पण स्टेटसला ठेवलेल्या तीस सेकंदांत तो येत नाही. सिनेमाची क्लिप झाली की कारण गळून पडतं, परिणाम गळून पडतो, उरतो फक्त वार.

एका पोराची गोष्ट

त्या स्टेटस ठेवणाऱ्यांत एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याच्या चुलतभावाला गावाकडे जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाण्यावरून मारहाण झाली होती. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला होता, तपास रेंगाळला होता. मुलानं डीपीला कोयत्याचा फोटो लावला आणि आम्हाला म्हणाला, “दादा, कोर्टात काय होतंय ते बघितलंय. आता असुरनच व्हायला पाहिजे.”

आम्ही त्याला हसलो नाही, ओरडलोही नाही. त्याचा राग खरा होता आणि रागाचं कारणही खरं होतं. राग येणं हा आजार नाही. अपमान गिळून गप्प बसलेली माणसं आतून कशी झिजतात ते आम्ही वस्तीत रोज बघतो: दारूत, बायकोवर उठणाऱ्या हातात, झोप न लागण्यात. त्यामुळे ती मारामारी बघताना त्याला जे मोकळं वाटलं त्याची किंमत आम्हाला कळते. फ्रान्झ फॅनन यांनी लिहून ठेवलं आहे की टारझनचा सिनेमा बघणारं काळं पोर टारझनच्या बाजूनं असतं, काळ्या माणसांच्या विरुद्ध. आपल्या पिढ्यान् पिढ्या अशाच दुसऱ्याच्या नायकासाठी टाळ्या वाजवत आल्या. पहिल्यांदा आपला माणूस पडद्यावर उभा राहून उलटा वार करतो, तेव्हा शिट्टी वाजणारच.

पण मोकळं वाटणं आणि मोकळं होणं यात फरक आहे. आम्ही त्याला ‘वेक्कै’ची सुरुवातीची पानं मराठीत सांगितली. “त्याला फक्त हात तोडायचा होता,” एवढं ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एका वकील मित्राकडे नेलं. उलट केस पडली तर चुलतभावाचा खटला कसा ढासळेल, साक्षीदार कसे फुटतील, हे वकिलांनी त्याला कागदावर लिहून दाखवलं. डीपी त्यानं तीन आठवड्यांनी बदलला. कादंबरीमुळे बदलला, वकिलामुळे की आईच्या रडण्यामुळे, हे आम्हाला सांगता येणार नाही. खटला अजून चालू आहे.

खुन्याचं मन आणि बाईचं शरीर

हिंसेचं मानसशास्त्र म्हटलं की लेखकांना मारणाऱ्याच्या मनात शिरायचा मोह होतो. किळवेनमणीवरच इंदिरा पार्थसारथी यांनी ‘कुरुतिप्पुनल’ ही कादंबरी लिहिली. तिला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे तिच्यावर सिनेमाही निघाला. त्या कादंबरीत जमीनदाराच्या क्रौर्याचं मूळ त्याच्या लैंगिक दुबळेपणात शोधलेलं आहे, आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. ती टीका आम्हाला पटते. ४४ माणसं जाळणं हा एका माणसाच्या मनाचा बिघाड ठरला की बाकीचं गाव निर्दोष सुटतं, मजुरीचा प्रश्न सुटतो, जात सुटते. बाबासाहेबांनी जातीला मनाची अवस्था म्हटलं हे खरं, पण ते मन एका विकृत माणसाचं नव्हे, धर्मशास्त्रानं घडवलेल्या अख्ख्या समाजाचं. आपल्याकडे दर अत्याचारानंतर ‘आरोपी माथेफिरू होता’ अशी बातमी येते, ती याच चालीची.

बाईच्या बाबतीत तर विचारूच नका. ‘बँडिट क्वीन’ (१९९४) कादंबरीवर नव्हे, माला सेन यांच्या पुस्तकावर होता, पण मुद्दा तोच. जिच्यावरचे बलात्कार पडद्यावर दाखवले ती फूलनदेवी जिवंत होती, आणि तिनं त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. तिच्यावर पुन्हा तेच घडवलं जातंय हे तिचं दुखणं सिनेमाचं कौतुक करणाऱ्यांना कळलं नाही. अशा दृश्यांनंतर सवर्ण प्रेक्षक हळहळतो, डोळे पुसतो, आणि हळहळलो म्हणजे आपण चांगले आहोत असं समजून घरी जातो. आमच्या मावशींना मात्र ती रात्र पुन्हा जगावी लागते. ज्याच्या आयुष्यात ते घडलेलं नाही त्याच्यासाठी ते दृश्य आहे. ज्याच्या घरात घडलं त्याच्यासाठी ती आठवण आहे.

मग दाखवायचंच नाही का?

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात, अत्याचार दाखवला नाही तर जगाला कळणार कसा? खैरलांजीच्या वेळी, २००६ साली, वर्तमानपत्रांनी सुरुवातीला काय केलं ते आपण पाहिलं. आपल्या लोकांनी फोटो आणि पत्रकं फिरवली तेव्हा महाराष्ट्र जागा झाला. हा मुद्दा खरा आहे. दाखवायलाच हवं. पण पुरावा दाखवणं आणि तमाशा दाखवणं यात फरक करायला हवा, आणि तो करता येतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी खून घडताना दिसतच नाही. दिसतात लहान पोराची रक्तात भिजलेली पावलं, आणि आवाज पूर्ण बंद. त्या शांततेत शिट्टी वाजवायला जागाच ठेवलेली नाही. (त्याच सिनेमाच्या गाण्यावर पोरीच्या आंतरजातीय लग्नाला उभं न राहणारी माणसंही वरातीत नाचली, हे वेगळं. कुठलाही दिग्दर्शक प्रेक्षकाची जात पुसू शकत नाही.) अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’त मारामाऱ्या आहेत, लूट आहे. पण फकिरा धान्य लुटतो ते दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी, आणि वाचणाऱ्याच्या मनात भूक राहते. ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तलवारीला नव्हे.

आणि खुद्द बाबासाहेब. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ सालच्या मसूर ते गोरेगाव प्रवासाची आठवण आहे. लहान मुलं, बैलगाडी, रात्र, जवळ जेवण आहे पण पाणी मिळत नाही म्हणून जेवता येत नाही. त्यात रक्ताचा थेंब नाही. वाचून मात्र माणूस हादरतो. बाबासाहेब वाचणाऱ्याकडून दया मागत नाहीत, चेवही आणत नाहीत. घडलं ते क्रमानं सांगतात आणि निष्कर्ष वाचणाऱ्यावर सोडतात.

दुसरा प्रश्न बौद्ध म्हणून आम्हाला विचारला जातो: मग प्रतिकारातली हिंसाही दाखवायची नाही का? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. बुद्धाची अहिंसा म्हणजे लाथा खात बसणं नव्हे. मुलाच्या अंगावर धावून आलेल्याला अडवणारा ‘असुरन’मधला बाप आम्हाला चुकीचा वाटत नाही. पण गरज ही त्या क्षणापुरती असते आणि इच्छा मनात घर करते. कोयत्याचा डीपी ही इच्छा आहे. सिनेमा बघताना या दोन्हींतला फरक पोरांशी बोलून दाखवला नाही, तर बाजार तो कधीच दाखवणार नाही. बाजाराला इच्छा विकायची असते.

आम्ही आता काय करतो

आमच्या गटानं त्या रात्रीनंतर काही साध्या गोष्टी ठरवल्या. त्या इतर ठिकाणच्या साथींना उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

पुस्तकावरचा सिनेमा असेल तर आधी पुस्तकातला एखादा भाग मोठ्यानं वाचायचा, मग सिनेमा. सुरू होण्याआधी त्यात काय आहे ते स्पष्ट सांगायचं: बलात्कार आहे, जाळपोळ आहे, चपलेचा प्रसंग आहे. ज्याला उठून जायचं त्यानं जावं, कुणी हसायचं नाही, आणि बाहेर ओट्यावर बोलायला आमच्यातली एक कार्यकर्ती बसलेली असेल. सिनेमा संपल्यावर लगेच पांगायचं नाही. अर्धा तास बसायचं. पहिला प्रश्न ‘आवडला का’ असा नसतो. ‘कुठे त्रास झाला’ असा असतो. खऱ्या अत्याचाराचे फोटो आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकायचे नाहीत, ते वकिलाकडे आणि तपास अधिकाऱ्याकडे द्यायचे. आणि प्रत्येक वेळी कायद्याची माहिती असलेला एक माणूस बोलावायचा, म्हणजे मनात आलेल्या रागाला जायला एक रस्ता तरी दिसतो. ज्याची झोप उडाली आहे, जो गप्प गप्प झाला आहे, त्याला समुपदेशकाकडे नेताना ‘वेडा आहे का’ म्हणणाऱ्यांची तोंडं आपणच बंद करायची.

मित्रांनो, हिंसा आमच्या लोकांनी कादंबरीतून शिकलेली नाही. ती आमच्या अंगावर आली, मग आमच्या लेखकांनी ती लिहिली, मग ती पडद्यावर गेली. त्यामुळे ती कशी बघायची हे ठरवण्याचा पहिला अधिकार ज्यांनी ती सोसली त्यांचा आहे, आणि त्यात मागच्या ओळीत बसलेल्या बायका सर्वांत आधी येतात. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा सिनेमा दाखवणार आहोत. कोणता ते अजून ठरलेलं नाही. या वेळी यादी घेऊन आधी मावशींकडे जाणार आहोत. त्या म्हणाल्यात, “दाखवा की. पण मला शेवट आधी सांगून ठेवा.”

जय भीम!